मदत हवी आहे: राकसकोपचं पाणी आणि चिखलणीची खाचरं वेगळी कशी काढायची?

बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाचं पाणी सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून मोजतोय, बँड ३ (हिरवा) आणि ८ (जवळचा अवरक्त) यांचा एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक (दोन बँडांची वजाबाकी भागिले बेरीज) काढून. जानेवारी २०२२ पासूनच्या चित्रांत प्रत्येक पिक्सेलला १००० जादा असतात. ते वजा केले नाहीत तर भागाकारातला छेद फुगतो आणि एनडीडब्ल्यूआय शून्याकडे सरकतो. ती वजाबाकी केलीय.

खरी अडचण पावसाळ्याची. ढग हटत नाहीत, म्हणून ढगांतून पाहणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचं व्हीव्ही (उभ्या ध्रुवणाचा परतलेला संकेत) घेतलं. पण चिखलणी करून पाणी तुंबवलेली भाताची खाचरंही रडारला तलावाइतकीच काळी दिसतात. उलट वारा सुटला की लाटांमुळे जलाशयच उजळतो, मधे भोकं पडतात.

उताराचा मास्क निरुपयोगी, खाचरं सपाटच. मग पूर्ण भरणपातळीच्या रेषेबाहेरचं सगळं कापावं, की उपग्रहाच्या लागोपाठच्या तीन फेऱ्यांची मध्यिका (मीडियन) घ्यावी? मध्यिकेत पाणी झपाट्याने चढतानाचे दिवस हरवतात, आणि नेमके तेच हवेत. खानापूर-चंदगड पट्ट्यात कुणी केलं असेल तर पाणी मानायला व्हीव्हीचा उंबरठा किती डेसिबल ठेवलात?