पाट्यांपेक्षा ती चादर लक्षात राहते

'लव्ह अ‍ॅक्च्युअली' या सिनेमात मार्क मित्राच्या बायकोला पाट्यांवर लिहून आपलं प्रेम कळवतो. तो पाट्यांचा प्रसंग रोमँटिक की आगाऊपणा, यावर लोकांची चांगलीच जुंपली आहे. माझं मत आगाऊपणाला. जिवलग मित्र आत घरात बसलेला, आणि हा दारात त्याच्या बायकोला पाट्या दाखवतोय! वर म्हणे कसलीही अपेक्षा नाही. मग घरी बसायचं की. चित्रीकरणाच्या वेळी त्या बायकोची भूमिका करणारी कीरा नाइटली फक्त १७ वर्षांची होती हे कळल्यापासून तर तो प्रसंग मला आणखीनच खटकतो.

पण २००३ पासून हा सिनेमा मी परत परत पाहते तो एमा थॉम्प्सनसाठी. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिला सोन्याचा हार दिसलेला असतो, आणि नाताळला हातात पडते गायिका जोनी मिचेलची सीडी. ती बेडरूममध्ये जाते, गाणं लावते, डोळे पुसते, पलंगावरची चादर सारखी करते आणि हसतमुखाने मुलांना घेऊन निघते. संवाद एकही नाही. ती चादर सारखी करणारी बाई आपल्या ओळखीची आहे हो!

पंतप्रधानांच्या घरी काम करणाऱ्या नॅटलीच्या वजनावरचे विनोद मात्र आता ऐकवत नाहीत. मुली पटवायला अमेरिकेला जाणाऱ्या कॉलिनचं प्रकरण तर मी सरळ पुढे ढकलते.

आणि हो, सिनेमाच्या सुरुवातीला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या गळाभेटी दिसतात, त्यांबद्दल कोणीतरी विचारलं होतं. ती खरी माणसं आहेत. छुप्या कॅमेऱ्याने टिपून नंतर त्यांची परवानगी घेतली होती.