पान ऐकायला लागलं तो दिवस : जावास्क्रिप्ट शिकतानाचे अनुभव

वहीवाली

गेले तीन महिने मी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमधल्या पानाला काम करायला लावणारी भाषा) शिकते आहे. वय ४४, वाणिज्य शाखेची पदवी, नोकरी कधी केली नाही. आमच्या बचत गटाचा हिशोब मात्र नऊ वर्षं माझ्याकडे आहे. बारा जणी, दरमहा प्रत्येकीचे २०० रुपये, त्यातूनच आपसात दिलेलं कर्ज आणि त्यावरचं व्याज. सगळं वहीत. सुट्टीत लेकीने एचटीएमएलचं, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं, पान कसं करायचं ते दाखवलं आणि ती पुन्हा कॉलेजच्या गावी गेली. पुढचं मी एकटीने चालवलं आहे.

पानावर दोन चौकटी केल्या, एक वर्गणीची, एक कर्जाच्या हप्त्याची. खाली ‘बेरीज’ असं बटण. दाबलं की काहीच व्हायचं नाही. पाच दिवस असेच गेले. मग कळलं की एफ-१२ दाबलं की कन्सोल नावाची खिडकी उघडते आणि काय चुकलं ते तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. ते रोज लिहिलेलं होतं, मी वाचत नव्हते. माझा स्क्रिप्टचा टॅग (पानाला कोड जोडणारी ओळ) हेडमध्ये, म्हणजे पानाच्या अगदी वर होता. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. माझा कोड बटण शोधायला गेला तेव्हा ते बटण अजून पानावर आलेलंच नव्हतं, म्हणून त्याच्या हाती ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं लागत होतं. टॅगमध्ये ‘डिफर’ एवढा एक शब्द घातला (पान पूर्ण वाचून होईपर्यंत थांब, असा त्याचा अर्थ) आणि बटणाने उत्तर दिलं.

२०० आणि ३५० यांची बेरीज २००३५०!

तरीही त्या रात्री मला फार आनंद झाला होता. पान माझं ऐकत होतं. चौकटीत टाइप केलेलं सगळं कोडला मजकूर म्हणून मिळतं आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की ते एकापुढे एक जोडले जातात, हे दुसऱ्या दिवशी समजलं. वजाबाकी आधीपासून बरोबर येत होती, त्यामुळे जास्तच गोंधळले होते. मजकुरातून मजकूर वजा करता येत नाही, म्हणून तिथे भाषा आपणहून संख्या करून घेते. आता मी प्रत्येक चौकटीतली किंमत ‘नंबर’ करूनच आत घेते.

तुम्ही शिकताना कुठे अडलात आणि नेमकं कशाने सुटलात, ते सविस्तर लिहा. कोर्सची नावं नकोत, अनुभव हवेत.

सोलापूरकर_१९

ताई, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप नाही. पहिले आठ महिने सगळं मोबाइलवर केलं. मोबाइलवर एफ-१२ नसतं, त्यामुळे कन्सोल मला फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये बघायला मिळायचा, आठवड्यातून दोनदा. एरवी शंका येईल तिथे ‘अलर्ट’ (पडद्यावर छोटी सूचना दाखवणारी ओळ) लावायचो. पहिला अलर्ट येतो, दुसरा येत नाही, म्हणजे चूक या दोन ओळींच्या मधे.

माझ्या बहुतेक चुका कीबोर्डने केलेल्या होत्या. मोबाइलचा कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. जावास्क्रिप्टला लहान-मोठं अक्षर वेगळं दिसतं, म्हणून ‘लेट’ हा चलाचं नाव सांगणारा शब्द लहान लिपीतलाच चालतो. दुसरं म्हणजे अवतरणचिन्हं. मित्राने नोट्स वर्डमध्ये करून पाठवल्या होत्या, त्यातली चिन्हं वळणदार. कोडला सरळच लागतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि चूक मात्र ‘इनव्हॅलिड टोकन’ अशी येते. कीबोर्डच्या सेटिंगमधून स्वयंचलित कॅपिटल आणि दुरुस्ती दोन्ही बंद केल्यावर माझे निम्मे त्रास संपले. मोबाइलवर शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हे करा.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरीच्या मुलांसाठी पाढ्यांचं पान केलं होतं. पानावर ‘८ × ३ = ?’ असं येणार, मुलाने उत्तर लिहायचं, बरोबर आलं की हिरवा रंग. घरी दहा वेळा तपासलं, छान चाललं. शाळेत टॅबवर उघडलं तर एक मुलगी २४ लिहिते आहे आणि पान लाल होतं आहे. तिने तीनदा लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “बाई, चोवीस नाही का?”

ती देवनागरी अंक टाइप करत होती. जे शाळेत शिकवलं, फळ्यावर रोज बघितलं, तेच तिने लिहिलं. मी घरी इंग्रजी कळांवर तपासलं होतं. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला देवनागरी २४ ही संख्या वाटतच नाही, तो ‘नॅन’ म्हणजे ‘संख्या नव्हे’ असं उत्तर देतो, आणि माझा कोड त्याला चूक ठरवत होता. त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं आणि माझ्या पानाने तिला वर्गासमोर तीनदा चूक म्हटलं. ते मला फार लागलं.

त्या संध्याकाळी बसून सोडवलं. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या यादीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी शून्याचा २४०६, एकचा २४०७, असे ओळीने दहा. म्हणजे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की तो अंक हाती येतो. उत्तर वाचण्याआधी हे करून घेणारं चार ओळींचं फंक्शन (एक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा) लिहिलं. माझं पहिलं स्वतःचं फंक्शन, कुठूनही न उचललेलं. उलट दिशेची सोय भाषेत तयारच आहे: ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला मराठीचा संकेत दिला की १२३४५६७ ही संख्या १२,३४,५६७ अशी, लाखाच्या स्वल्पविरामासकट आणि देवनागरीत छापून येते. ताई, तुमच्या बचत गटाच्या पानाला हे उपयोगी पडेल.

वहीवाली

बाई, आमच्या निम्म्या जणी मराठी अंकच लिहितात. हे मला सुचलंच नव्हतं. आजच घालते.

जुनाजाणता

मी पुण्यात २००० साली सायबर कॅफेत शिकलो, तासाच्या हिशोबाने पैसे मोजून. पुस्तक जावा या दुसऱ्याच भाषेचं विकत घेतलं होतं, कारण दोन्ही एकच असा समज. तो अनेकांचा असायचा. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत या भाषेचं पहिलं रूप तयार केलं, तेव्हा तिचं नाव मोका होतं. मग लाइव्हस्क्रिप्ट झालं आणि त्या वर्षाअखेर जावास्क्रिप्ट. जावाचा तेव्हा बोलबाला होता, नाव तिथून आलं. भाषा वेगळी.

आमच्या वेळचा त्रास निराळा होता. नेटस्केपसाठी एक कोड आणि इंटरनेट एक्स्प्लोररसाठी दुसरा. पानावरची एक चौकट लपवायची तरी आधी विचारायचं, ब्राउझर कोणता. चूक झाली की एक्स्प्लोररच्या खालच्या पट्टीत छोटा पिवळा त्रिकोण दिसायचा. त्यावर दोनदा क्लिक केलं तर ओळीचा क्रमांक मिळायचा, तोही पुष्कळदा भलताच. शिकायचं कसं, तर आवडलेल्या पानावर राइट क्लिक करून त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडायचा, फ्लॉपीवर घ्यायचा आणि घरी कागदावर ओळ न् ओळ उतरवून समजून घ्यायचा. घरी संगणक नव्हता. कागदावर कोड चालवायची सवय तिथे लागली, ती आजही कामाला येते: चल कोणता, त्याची आत्ता किंमत किती, पुढच्या ओळीनंतर किती. नवीन मुलांना मी आजही हेच करायला लावतो.

कांदाउत्पादकाची_मुलगी

माझं मराठी माध्यम. चुकांच्या ओळी इंग्रजीत येतात त्याचीच पहिल्यांदा भीती वाटायची. मी एक वही केली. डावीकडे चूक जशीच्या तशी, उजवीकडे माझ्या शब्दांत अर्थ. ‘इज नॉट डिफाइन्ड’: हे नाव मी कुठे सांगितलेलंच नाही, बहुतेक स्पेलिंग चुकलं. ‘इज नॉट अ फंक्शन’: ज्याला कंस लावून हाक मारली ते काम करणारं नाहीच. ‘असाइनमेंट टू कॉन्स्टंट’: कॉन्स्ट म्हणून ठेवलेलं बदलायला गेले. बावीस-तेवीस ओळी झाल्यावर लक्षात आलं की नवीन चुका येतच नाहीत, त्याच त्याच फिरून येतात.

पण खरी अडले ती ‘फेच’पाशी, म्हणजे दुसरीकडून माहिती मागवणाऱ्या आदेशापाशी. बाबांसाठी कांद्याच्या भावाचं पान करत होते. रोजचे भाव मी एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे, पानाने ते वाचून दाखवायचे. दरवेळी भावाच्या जागी ‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’ असं छापून यायचं. व्हिडिओ बघितले, सगळे म्हणायचे असिंक्रोनस, असिंक्रोनस. शब्द पाठ झाला, अर्थ नाही.

आई म्हणाली जरा गिरणीत डबा ठेवून ये. ठेवला, नाव सांगितलं, भाजी घेतली, येताना डबा घेतला. घरी येऊन तो ओट्यावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. फेच म्हणजे गिरणीत डबा ठेवणं! गिरणीवाला लगेच पीठ देत नाही, ‘देतो’ म्हणतो. ते ‘देतो’ म्हणजे प्रॉमिस. मी त्या ‘देतो’लाच परातीत घालून मळायला बसले होते. ‘अवेट’ म्हणजे दळून हातात येईपर्यंत पुढच्या ओळीवर जायचं नाही. आणि तेवढ्या वेळात बाकीचं पान अडून राहत नाही, जशी मी भाजी आणली. दोन ठिकाणी अवेट लावला (फेचला एक आणि आलेल्या उत्तरातून माहिती काढताना एक) आणि भाव आले.

आले, पण क्रम चुकला. १२५० आधी आणि ९०० नंतर. क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला काही सांगितलं नाही तर तो संख्याही अक्षरांसारख्या लावतो, १ हा ९च्या आधी. दोन संख्यांची तुलना कशी करायची ते फंक्शन त्याला द्यावं लागतं. बाबा रोज सकाळी ते पान उघडतात.

जुनाजाणता

गिरणीचं उदाहरण मी उद्याच वापरतो, बेटा.

नेकारकाठ

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. मंडळाच्या गणेशोत्सवासाठी नोंदणीचं पान आणि ‘बाप्पा यायला किती दिवस’ असा उलट मोजणारा आकडा केला होता. २०२३ची चतुर्थी १९ सप्टेंबरची, म्हणून महिना ९ लिहिला. आकडा महिनाभर जास्त दाखवत होता. जावास्क्रिप्टच्या तारखेत महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी शून्य, सप्टेंबर आठ. तारीख मात्र एकपासून. याला काही तर्क आहे असं मला आजही वाटत नाही, लक्षात ठेवायचं एवढंच.

इकडे दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. प्रसादासाठी कुणी ‘३,५’ किलो रवा लिहिला की मजकुरातून संख्या काढणारं ‘पार्स-फ्लोट’ स्वल्पविरामापाशी थांबून ३ घ्यायचं. चूक नाही, लाल ओळ नाही, अर्धा किलो गायब. न बोलता चुकणारा कोड मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

कृष्णाकाठ

न बोलता चुकण्याचा माझाही एक अनुभव आहे. मी वाचनालयात काम करतो. सभासदांच्या यादीत शोधायचं पान केलं होतं. कऱ्हाडचे सभासद शोधले की चौदा यायचे. वहीत एकोणीस. उरलेले पाच यादीत डोळ्यांनी दिसायचे, गावाचं नावही तेच, पण दोन्ही शब्द समान आहेत का असं कोडला विचारलं तर उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे नाही. तुलनेला तीन बरोबर-चिन्हं लावा, दोन लावा, तेच.

शेवटी दोन्ही शब्दांची लांबी छापली. एकाची सहा, एकाची सात. मग अक्षर न् अक्षर सुटं केलं, त्यांचे क्रमांक छापले. आपल्या ऱ्हमधला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खालच्या टिंबाचा ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यादी दोघांनी भरली होती, दोघांचे कीबोर्ड वेगळे. शोधण्याआधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घेतली आणि एकोणीस आले. सुऱ्या, दऱ्या, पुऱ्या, वाऱ्या, जिथे जिथे हे अक्षर आहे तिथे ही अडचण आहे. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने लांबी मोजून बघायची सवय लावावी. ‘मराठी’ या शब्दाचीही लांबी पाच येते, तीन नाही, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात.

पाटीपेन्सिल

+१. शब्द उलटा करून दाखवायचा खेळ केला होता, तेव्हा वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या. ‘सेगमेंटर’ (शब्द डोळ्यांना दिसतात तशा अक्षरांत तोडणारी भाषेतली सोय) वापरल्यावर अक्षरं नीट सुटी झाली.

वहीवाली

सगळं वाचते आहे, एकेक करून पाहते आहे. देवनागरी अंकांचं फंक्शन घातलं, चाललं. आता एकच अडलं आहे. व्याजाच्या रकमेत शेवटी लांबलचक शेपूट येतं. कन्सोलमध्ये नुसतं ०.१ अधिक ०.२ विचारलं तरी ०.३०००००००००००००००४ म्हणतो. वहीत असं लिहिलं तर बायका मला विचारतील, हे पैसे कुणाचे?

जुनाजाणता

ताई, संगणक अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा दोनच्या घातांत साठवतो. ०.१ त्याला नेमका लिहिता येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ३ संपत नाहीत. बहुतेक भाषांत हे असंच आहे. हिशोब रुपयांत ठेवू नका, पैशांत ठेवा. २०० रुपये म्हणजे २०,०००. व्याज काढलं की तिथेच जवळच्या पूर्ण पैशावर आणा, आणि शंभराने भागायचं ते फक्त पडद्यावर दाखवताना.

वहीवाली

केलं. गेल्या वर्षभराचे सगळे महिने पुन्हा घातले आणि वहीशी ताळा केला. अकरा महिने पैशापैशाने जुळले. ऑगस्टमध्ये चार रुपयांचा फरक आहे आणि तो वहीत आहे, माझ्या हातचा राहून गेला होता. शनिवारी बैठक आहे. ते चार रुपये घेऊन जाते आणि पान सगळ्यांच्या मोबाइलवर उघडून देते.