कॉम्प्युटर सारखा हँग होतोय, दोनदा फॉरमॅट मारून पण तेच, लग्नाचा सीझन तोंडावर आलाय

चिपळूणची_डीटीपी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. मी घरीच डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, मुंज, वास्तुशांत, शाळांची प्रमाणपत्रं वगैरे. आधीचा कॉम्प्युटर २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला, मग त्या दिवाळीला हा असेंबल करून घेतला. आय३ १०१००, एच५१० चा बोर्ड, एसएसडीवर विंडोज १०, डेटासाठी १ टीबीची हार्ड डिस्क. रॅम आधी ४ जीबी होती, कोरल (पत्रिका ज्यात बनवते ते सॉफ्टवेअर) फार रखडायचं म्हणून ह्या मे महिन्यात अजून ४ जीबी टाकून घेतली.

चार वर्षं काही त्रास नव्हता. साधारण गणपतीनंतर सुरू झालं. काम करता करता सगळं आहे तिथे थिजतं, माऊसचा बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ पण थांबतं. गाणी लावलेली असली तर स्पीकरमधून टर्रर्र असा एकच आवाज येत राहतो. मग बटण दाबून धरून बंद करायचा. कधी कधी निळी स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट होतो. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता दिवसातून तीन-चार वेळा. परवा तर "आमचे येथे श्रीकृपेकरून" एवढंच टाइप केलं आणि गेला.

दुकानात नेला तर त्यांनी व्हायरस आहे म्हणून फॉरमॅट मारून दिला, दोन दिवस बरा चालला, परत तेच. परत नेला, परत फॉरमॅट. दोन्ही वेळा पैसे घेतले. आता म्हणतात मदरबोर्ड बदला. तेवढे पैसे आत्ता माझ्याकडे नाहीयेत आणि तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागते. खरंच बोर्ड गेला असेल का? की घरच्या घरी काही बघता येईल? मला स्क्रू उघडायची भीती नाही, फक्त नेमकं काय बघायचं ते कुणीतरी सांगा.

सातारी_कंदील

ताई, आधी एक बारीक गोष्ट बघा. पुढच्या वेळी थिजला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. दिवा बदलत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, फक्त कशाची तरी वाट बघतंय, तेव्हा बहुतेक डिस्क नाहीतर एखादा प्रोग्रॅम. दिवा पण ढिम्म असेल तर सगळं ठप्प झालंय आणि मग रॅम, गरमी, पॉवर ह्या बाजूने शोधायचं. म्हणजे निम्मी शोधाशोध तिथेच वाचते.

दुसरं तापमान. एचडब्ल्यू मॉनिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं ते टाका, नुसता चालू असताना किती आणि कोरलमधून पीडीएफ काढताना किती ते लिहून ठेवा. ह्या प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे, नव्वदीच्या पुढे जात असेल तर पंख्यावर धूळ बसलीय नाहीतर प्रोसेसर आणि पंख्यामधली थर्मल पेस्ट सुकलीय. कोकणात लाल माती फार बसते आत, एकदा ब्रश मारून घ्या तसंही.

वायरमन_अकोला

विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघा, कॉम्प्युटरमध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी त्यात असतात. त्यात कर्नल पॉवर ४१ असं लाल अक्षरात येत असेल तर सरळ एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) गेला समजा, माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, नवीन टाकला आणि बंद झालं. कॅबिनेटसोबत जे फुकटात येतात ना त्यांच्यावर लिहिलेलं असतं ५०० वॅट पण आतून वजनाला पण हलके असतात. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायला सांगा कुणाला तरी, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे.

रात्रपाळी

@वायरमन_अकोला दादा, अर्थिंगचं बरोबर आहे पण ४१ बद्दल थोडं वेगळं मत आहे. नावात पॉवर आहे म्हणून लोकांना वाटतं पॉवर सप्लाय गेला. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. ताईंनी बटण दाबून धरून बंद केलं तरी ४१ च येणार, लाइट गेली तरी ४१ च. नुसतं ४१ बघून एसएमपीएस घेऊ नका.

ताई, त्याच ४१ च्या नोंदीत खाली डिटेल्स म्हणून टॅब आहे, त्यात बगचेककोड अशी एक ओळ असते, समोर एक आकडा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळाला नाही. शून्य सोडून काही असेल तर तो निळ्या स्क्रीनचा कोड आहे. जेवढ्या नोंदी दिसतील त्या सगळ्यांचे आकडे इथे टाका. एकच आकडा परत परत येतोय की दरवेळी वेगळा, हे महत्त्वाचं आहे.

आणि हे सगळ्यात आधी करा, बाकीचं नंतर. तुमच्या पत्रिकांचा जुना बॅकअप कुठल्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर असेल तर ती काढून कपाटात ठेवा आणि त्याच्यावर नवीन कॉपी अजिबात मारू नका. मला संशय रॅमचा आहे. रॅम खराब असेल तर फाइल सेव्ह होताना तिच्यातूनच जाते, एखादा बिट इकडचा तिकडे होतो आणि डिस्क बिचारी जे आलं ते इमानाने लिहून घेते, कुठेही एरर येत नाही. मग महिन्याभराने फाइल उघडायला जावं तर उघडत नाही. चांगल्या बॅकअपवर अशी फाइल बसली की दोन्ही गेल्या. तोवर काम करायचंच असेल तर दरवेळी नवीन नावाने सेव्ह करा, एक, दोन, तीन असं.

चिपळूणची_डीटीपी

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढ्या रात्री पण उत्तरं दिलीत. @रात्रपाळी तुमचं वाचून पोटात गोळाच आला कारण मागच्या आठवड्यात एक मुंजीची फाइल उघडली नाही, करप्ट म्हणून आलं, मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी झालं. बाहेरची डिस्क लगेच काढून ठेवली.

कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म, दोनदा बघितलं. तापमान नुसता चालू असताना ३८ आणि पीडीएफ काढताना ६६ च्या वर गेलं नाही. अर्थिंग दिरांनी बघितलं, दीड व्होल्ट आलं, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालतो आम्ही, आमच्याकडे जांभा आहे ना, नाहीतर अर्थिंग धरत नाही. ४१ च्या एकूण १४ नोंदी आहेत, त्यात शून्य दहा वेळा, २६ दोन वेळा, ८० एकदा आणि ५९ एकदा. ह्याचा अर्थ काय?

रात्रपाळी

हे आकडे दशमानात असतात, हेक्समध्ये म्हणजे सोळा पायाच्या पद्धतीत करून बघायचे. २६ म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट. ८० म्हणजे ५०, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. ५९ म्हणजे ३बी, सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. ड्रायव्हर खराब असला तर बहुतेक करून एकच कोड आणि एकाच फाइलचं नाव परत परत येतं. असे तीन तऱ्हेचे कोड आणि त्यात मेमरीवाला दोनदा, फॉरमॅटनंतर पण तेच, आणि मे मध्ये रॅमची दुसरी पट्टी टाकलीय. मी पैज लावणार नाही पण शोध रॅमपासूनच सुरू करायचा.

दुसऱ्या कुठल्या तरी चांगल्या कॉम्प्युटरवरून मेमटेस्ट८६ डाउनलोड करा आणि पेनड्राइव्हवर टाकून घ्या. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो त्यामुळे रिकामा घ्या. त्याच्यावरून बूट केलं की विंडोज सुरूच होत नाही, सरळ रॅमची तपासणी चालू होते. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, काही तास लागतात, रात्री लावून झोपा. ह्यात "थोड्याच एरर आल्या" असं काही नसतं, एक आली तरी ती रॅम नापास.

दोन्ही पट्ट्या ठेवून एरर आली तर मग एकेक पट्टी एकटी ठेवून परत लावायची, स्लॉट तोच. आणि जी पास होईल ती दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून अजून एकदा. म्हणजे पट्टी खराब की बोर्डचा स्लॉट खराब ते कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुठली पट्टी कुठे होती ते आठवत नाही.

सातारी_कंदील

पट्टी काढायच्या आधी प्लग भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग रॅम धरा, कडेने धरायची. सोनेरी दातांवर काळपट थर असेल तर पांढऱ्या मऊ खोडरबरने हलकेच एका दिशेने पुसा आणि त्याचा चुरा बोर्डपासून लांब झटका. समुद्राच्या बाजूच्या हवेत आणि पावसाळ्यात हे फार होतं, कितीतरी कॉम्प्युटर नुसत्या ह्याने सुरू झालेले बघितलेत.

तांब्याची_तार

खोडरबर शक्यतो नको हो. त्या दातांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, घासला की तो जातो आणि खालचं उघडं पडलं की पुढच्या पावसाळ्यात अजून लवकर काळं होतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, सुती कपड्याला लावून पुसा. तेच नसेल आणि अगदीच अडलं तर खोडरबर एकदा ठीक आहे, दर महिन्याला नको.

अजून एक, दुकानात फॉरमॅट मारून दोनच दिवस बरा चालला त्याचं कारण पण ह्यात असू शकतं. विंडोज नव्याने टाकलं की सुरुवातीला प्रोग्रॅम कमी, रॅम कमी भरते, खराब जागेपर्यंत क्वचितच जातं. मग कोरल, ब्राउझर, फॉन्ट सगळं चढवलं की परत तिथे पाय पडतो. शिवाय खराब रॅमवरून विंडोज टाकलं तर त्याच्याच फाइली चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात. दुकानवाल्यांनी फॉरमॅटच्या आधी एक रात्र मेमटेस्ट लावायला हवी होती, दोनदा पैसे घेऊन हे न बघणं मला अजिबात पटत नाही.

चिपळूणची_डीटीपी

चार दिवसांनी येतेय, कारण सगळं सांगितलं तसंच एकेक करत बसले.

रॅम काढली तर मे मध्ये टाकलेली पट्टी दिसायला लख्ख होती आणि जुन्या पट्टीचेच दात काळपट, एका टोकाला तर हिरवट ठिपका. मला वाटलं सापडलं! अल्कोहोलने दोन्ही पुसल्या आणि दोन्ही ठेवून मेमटेस्ट लावली. दहा मिनिटं पण झाली नसतील, लाल ओळी यायला लागल्या. मग एकेक लावली. जुनी काळपट पट्टी एकटी, चार फेऱ्या, एकही एरर नाही. नवीन लख्ख पट्टी एकटी, पहिल्याच फेरीत २३ एरर आणि सगळ्या जवळजवळ एकाच पत्त्यावर. जुनी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये पण पास झाली. म्हणजे बोर्ड चांगला आहे!! हे बघितलं तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते, ह्यांना उठवून सांगितलं.

आता एकाच ४ जीबीवर चालवतेय, कोरल रखडतं, मोठी फाइल असली की चहा होईपर्यंत थांबायला लागतं, पण तेव्हापासून एकदाही थिजला नाही. हार्ड डिस्क पण क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या सॉफ्टवेअरने बघून घेतली, गुड आलं.

आता वाईट बातमी. मे पासूनच्या सगळ्या फाइली एकेक उघडून बघितल्या, ६१ होत्या, त्यातल्या चार उघडल्याच नाहीत. दोन जुन्या बॅकअपमध्ये सापडल्या (तुम्ही डिस्क काढून ठेवायला लावलीत म्हणून, नाहीतर मी त्याच संध्याकाळी कॉपी मारणार होते). उरलेल्या दोनचं गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं पीडीएफ होतं, ते कोरलमध्ये आणलं पण अक्षरं सगळी कर्व्ह झालेली, म्हणजे नुसती चित्रं, बदलता न येणारी, त्यामुळे बॉर्डर आणि गणपती मिळाला, नावं परत टाइप केली. एका पत्रिकेत एकोणीस मामा-काका आहेत, सगळ्यांची नावं त्यांच्या घरी फोन करून परत तपासून घेतली, चूक राहिली तर लग्नघरात केवढा बोभाटा होतो.

दोन प्रश्न राहिलेत. विंडोज आता परत टाकावं का? आणि ह्या पट्टीची वॉरंटी मिळेल का, बिल आहे माझ्याकडे.

रात्रपाळी

वा ताई, बोर्डचे पैसे वाचले! इतकं नीट कुणी करत नाही.

विंडोज हो, परत टाका, कारण आत्ताचं खराब रॅमवरून टाकलेलं आहे, त्याच्यावर भरवसा नको. आणि टाकताच आहात तर ११ टाका, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आहे, त्याला ११ चालतं. बोर्डच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंग) टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करायला लागेल, इंटेलमध्ये पीटीटी नावाने असतं. पण हातातल्या पत्रिका आधी छापायला जाऊ देत, चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरला ऐन घाईत हात लावू नका.

तांब्याची_तार

रॅमवर बहुतेक कंपन्या बरीच वर्षं वॉरंटी देतात, मे मधली पट्टी तर नक्की बसायला हवी. दुकानातून नाही म्हणाले तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला थेट विचारा. पट्टीवरचा स्टिकर काढू नका, सिरीयल नंबर त्याच्यावरच असतो, फोटो काढून ठेवा. मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाइलवर फोटो काढला असेल तर तो पण दाखवा, नसेल तर द्यायच्या आधी एकदा परत लावून काढा.

चिपळूणची_डीटीपी

फोटो काढलाय. सोमवारी रत्नागिरीला जातेय पट्टी घेऊन, बिल आणि फोटो दोन्ही पाकिटात घातलेत. काय म्हणतात ते येऊन सांगते.