'द फॅमिली मॅन'चा शेवट तुम्हाला सुखाचा वाटतो का? (स्पॉयलर आहेत)

रातराणी:
काल 'द फॅमिली मॅन' परत बघितला, २००० सालचा, निकोलस केज आणि टेया लिओनीचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॅक हा वॉल स्ट्रीटवरचा बडा माणूस, फेरारी, मॅनहॅटनमध्ये फ्लॅट, नाताळच्या तोंडावरही ऑफिसात मर्जरच्या मागे लागलेला, आणि सकाळी उठतो तो न्यू जर्सीत टीनेकमधल्या एका घरात. शेजारी केट, म्हणजे १३ वर्षांपूर्वी जिला एअरपोर्टवर सोडून तो लंडनला गेला होता ती, वर दोन मुलं, एक कुत्रा आणि सासऱ्याच्या टायरच्या दुकानात नोकरी. लंडनला गेला नसता तर काय झालं असतं त्याची ही झलक. हळूहळू तो तिथे रमतो आणि नेमका रमला की झलक संपते.

शेवटी तो खऱ्या केटला एअरपोर्टवर गाठतो, ती कॉफीपुरती थांबते, बाहेर बर्फ, आणि सगळे म्हणतात किती गोड शेवट. पण ॲनी आणि जॉशचं काय?? ती पोरं गेली ना! आता या दोघांनी लग्न केलं तरी तीच मुलं थोडीच होणार आहेत. मला तर सिनेमा संपल्यावर कितीतरी वेळ काही सुचेना. हे दिग्दर्शकाच्या लक्षातच आलं नाही की मुद्दाम तसं ठेवलंय?

मध्यमपदलोपी:
मुद्दामच ठेवलंय असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचा पुरावा ॲनीच्याच दोन प्रसंगांत आहे. पहिल्या दिवशी जॅक जॉशचा डायपर बदलायची खटपट करत असतो तेव्हा अख्ख्या घरात फक्त त्या चिमुरडीला कळतं की हा आपला बाबा नाही. बायकोला कळत नाही, मित्राला कळत नाही, तिला कळतं. तिला वाटतं हा परग्रहावरून आलाय. घाबरत नाही, रडत नाही, चॉकलेट दूध करता येतं का विचारते, आम्हाला पळवून नेणार नाहीस ना विचारते आणि मग पृथ्वीवर त्याचं स्वागत करते. आणि शेवटाकडे बर्फात खेळताना तीच त्याला म्हणते, मला माहीत होतं तू परत येशील. म्हणजे तिच्या लेखी खरा बाबा परत आला! आलेलं कोणीच नाहीये, तोच परका माणूस बाप झालाय. आणि हे ती बोलते तेव्हा त्याची जायची वेळ जवळ आलेली असते. ज्याने हा प्रसंग लिहिला त्याला मुलांचं दुःख कळलं नाही असं होणंच शक्य नाही. नंतर जॅक रात्रभर खुर्चीत बसून जागं राहायचा प्रयत्न करतो, ते कशासाठी? झोपलो की ही सगळी जाणार हे त्याला माहितीये.

जर्सीकर:
मी टीनेकपासून जवळच राहतो त्यामुळे हा सिनेमा माझ्या फार जवळचा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला की मॅनहॅटन, अंतर काहीच नाही, पण इथला आणि तिथला माणूस वेगळ्या जगात राहतो हे मात्र अगदी बरोबर पकडलंय. एक खटकतं ते म्हणजे मॉलमधला सूटचा सीन. २४०० डॉलरचा सूट अंगावर चढवल्यावर जॅकला स्वतःची कीव येते आणि केट नको म्हणते तर तो तिच्यावर भडकतो. अरे बाबा, स्वतःचं दुमजली घर, अंगण, धडधाकट मुलं, जीव लावणारी बायको, या आयुष्याला हलाखीचं म्हणायचं का? आम्ही इथे असंच घर घेण्यासाठी किती वर्षं काटकसर केली ते आमचं आम्हाला माहीत.

पण एअरपोर्टवरच्या बोलण्यात तो घराच्या उरलेल्या १२२ हप्त्यांचा उल्लेख करतो ना, तिथे मी दरवेळी हलतो. ॲनीचं व्हायोलिन, जॉशचे डोळे आणि त्याच दमात कर्जाचे हप्ते. संसार केलेल्या माणसालाच हे सुचेल. वॉल स्ट्रीटवर कोट्यवधींचे सौदे करणारा माणूस १२२ हप्त्यांबद्दल इतक्या मायेने बोलतो, तिथे कळतं की तो खरंच बदललाय.

चिंचबन:
मुलांबद्दल सगळे बोलतायत, केटबद्दल कोणी बोलणार का? खरी केट मोठी वकील झालीये, पॅरिसला निघालीये, सगळं सामान बांधून झालंय. १९८७ मध्ये त्याच विमानतळावर तिने याला हात जोडून थांबवलं होतं तेव्हा हा गेला. आता याला झलक दिसली म्हणून तिने थांबायचं? तिला तर कोणी काही दाखवलं नाही, ती एका माणसाच्या स्वप्नावर विश्वास ठेवून विमान सोडते. मला हे पटत नाही, कितीही आवडता सिनेमा असला तरी.

मध्यमपदलोपी:
@चिंचबन तुमचा राग रास्त आहे. पण तो लग्नाचं मागत नाही हो, एक कप कॉफी मागतो, विमान उद्याही आहे. आणि टीनेकमधली केट शहरात राहायला जाण्यावरून झालेल्या भांडणानंतर काय म्हणते ते आठवा. तिला शहरात जायचं नाही, मुलांना उपटून न्यायचं नाही, तरी ती म्हणते की तू म्हणशील तिथे येईन, पत्त्यापेक्षा आपण महत्त्वाचे. जॅक एअरपोर्टवर तिचेच शब्द तिला परत देतो. तो हे तिच्याकडूनच शिकलाय.

रातराणी:
ॲनीच्या दुसऱ्या वाक्याकडे मी असं बघितलंच नव्हतं, आता तर अजून वाईट वाटतंय. पण चिंचबनशी मी सहमत आहे, केटलाही थोडी झलक मिळायला हवी होती. या धर्तीचं अजून काही आहे का? नाताळच्या सुट्टीत बघायचंय.

मध्यमपदलोपी:
'इट्स अ वंडरफुल लाइफ' बघा, १९४६ चा, फ्रँक काप्रा आणि जेम्स स्टुअर्ट. या सगळ्यांचं मूळ तिथेच. पण दोन्ही लागोपाठ बघितले की एक लक्षात येतं, गणित उलटं आहे. तिथे नायक जॉर्जला आपण जन्मलोच नसतो तर गावाचं काय झालं असतं ते एक देवदूत दाखवतो, मग तो परत येतो तेव्हा बायको, मुलं, घर सगळं जागच्या जागी, छोट्या मुलीने दिलेल्या फुलाच्या पाकळ्यासुद्धा खिशात सापडतात. जॅक परत येतो तेव्हा सगळं गेलेलं असतं. म्हणून तुम्हाला शेवट गोड वाटला नाही, आणि मलाही नाही.

कृष्णधवल आहे, देवदूत पाऊण सिनेमा उलटल्यावर कामाला लागतो, तोपर्यंत गावातल्या पतपेढीचीच गोष्ट चालते. कंटाळून बंद करू नका, ती आधी नीट बघितली नाही तर नंतरचं काही भिडणार नाही.