मदत हवी आहे: पाळीच्या आधी ओसीडी (तोच तो विचार येऊन तेच तेच करायला लावणारा आजार) उसळतो. हार्मोन्स, की गोळी लागू पडत नाहीये?

मंडळी, दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं हे गॅसचं सुरू झालं. रात्री रेग्युलेटर बंद, दोन्ही बटणं बंद, तरी परत उठून बघायचं. डोळ्यांना बंद दिसतं, पण मनाला पटत नाही. हल्ली मोबाइलवर फोटो काढून ठेवते आणि अंथरुणात तोच दहादा बघते. सासूबाई म्हणतात, रिकामं डोकं. दोन पोरं आणि नोकरी, कुठलं आलंय रिकामं!

सर्ट्रालीनच्या गोळीचा सातवा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे गोल काढून दाखवला: कपाळामागचा भाग 'काहीतरी चुकलंय' म्हणतो, ते मेंदूच्या आतल्या कॉडेट नावाच्या भागातून थॅलॅमस नावाच्या भागाकडे जातं आणि फिरून कपाळाकडे येतं. माझं हे चक्र थांबत नाही. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या अशा गोळ्यांनी ते मंदावतं म्हणे.

पण पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस नुसता कहर. पाळी आली की दोन दिवसांत उतरतं. असं अजून कुणाचं होतं का? जाऊबाई म्हणतात, रक्तातलं सेरोटोनिन तपासून घे. घेऊ का?

प्रतिसाद: ताई, मी डॉक्टर नाही, सात वर्षं हेच निस्तरतेय. त्या तपासणीवर पैसे घालू नका. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातलं मेंदूत शिरत नाही. त्या आकड्यावरून मेंदूचं काहीच कळणार नाही.

पाळीआधी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन्स उतरतात, सेरोटोनिनच्या कामावर त्यांचा परिणाम होतो. अनेकींचा ओसीडी तेव्हा वाढतो, बाळंतपणानंतरही. मी तीन महिने कालनिर्णयवर पाळीची तारीख आणि रोज किती वेळा उठले ते लिहून नेलं, मग डॉक्टरांनी त्यावरून डोस ठरवला. मनाने वाढवू नका. बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा. आणि सात आठवडे म्हणजे लवकर आहे हो, ओसीडीत 10-12 लागतात.

तो फोटो मात्र आजच पुसा. फोटो बघणं हीसुद्धा तपासणीच. ईआरपी थेरपीबद्दल (भीतीला सामोरं जाऊन तपासणं टाळायला शिकवणारा वर्तनोपचार) विचारा: एकदाच बघायचं, मग बेचैनी कितीही वाढो, उठायचं नाही. 1992 साली लॉस एंजेलिसला ओसीडीच्या रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती काम करतो ते दाखवणारे) केले होते. गोळीने बरे वाटलेले आणि नुसत्या वर्तनोपचाराने बरे वाटलेले, दोघांच्याही कॉडेटची धावपळ कमी झालेली दिसली.

धागाकर्ती: रक्ततपासणी रद्द. फोटो पुसला. ट्रॅशमध्ये आहे अजून, तिथे जाऊनही एकदा बघून आले.