मदत हवी आहे: धनुष्याच्या टोकांना करवंटीचा तुकडा टिकेना

मंडळी, वाळपईला घराच्या पडवीत बसून बांबूचं धनुष्य केलंय. लांबी साडेपाच फूट, ओढ (दोरी पूर्ण खेचायला लागणारा जोर) साधारण 35 पौंड. बाण बरा सुटतो. आता टोकांवर पाठीकडून, म्हणजे दोरीच्या उलट बाजूला, शोभेचे तुकडे चिकटवून त्यातच दोरीची खाच कोरायचीय. नुसती शोभा नव्हे. न ताणणारी डायनिमाची (एक मजबूत कृत्रिम धागा) दोरी बांबूच्या तंतूंत रुतू नये हाही हेतू आहेच.

सांबरशिंग नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात कोण अडकणार! म्हणून नारळाची करवंटी घेतली. घासून तेल लावलं की काळीभोर, मधे तपकिरी रेघा, बघतच राहावं. पण तिचा बाक जात नाही. कानशीने सपाट करू गेलो तर तुकडा नखाएवढा पातळ उरला. तसाच इपॉक्सी गोंदाने लावला, तर दोरी चढवताना टक्कन उडाला तो थेट आईच्या तुळशीत.

त्या जागची बांबूची गुळगुळीत साल मी खरवडली नव्हती. चूक तीच, की करवंटीच नको? म्हशीचं शिंग बरं पडेल का? आणि या पावसाळी दमटपणात इपॉक्सी किती दिवस वाळू द्यावी? कोणी केलं असेल तर फोटोही टाका.