मदत हवी आहे: इंद्रजाल कॉमिक्सच्या मुखपृष्ठाचा चित्रकार कसा ओळखायचा?

रद्दीवाल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथा मालिकेचे अकरा मराठी अंक एकत्र बाइंड केलेले मिळाले. त्यात फ्लॅश गॉर्डन या अंतराळवीर नायकाचे चार आहेत, मला रस त्यांच्यातच. आतली चित्रं अमेरिकन वृत्तपत्रांतल्या चित्रपट्ट्यांची (कॉमिक स्ट्रिप), पण मुखपृष्ठं इथे रंगवली जायची. १९६४ला मालिका सुरू झाली तेव्हाच्या बऱ्याच मुखपृष्ठांमागे चित्रकार बी. गोविंद होते. इंद्रजालचा नायक वेताळ (फँटम) सगळ्यांना आठवतो, त्याला रंगवणारा हात कुणालाच नाही!

अडचण अशी की बाइंडरने तिन्ही बाजू कापल्यात. एका मुखपृष्ठावर रॉकेटच्या धुराखाली उजव्या कोपऱ्यात काळ्या रंगाची वळलेली शेपटी तेवढी उरलीय. सहीचं शेवटचं अक्षर असावं. भिंगातून पाहिलं, तर छपाईचे लाल-पिवळे ठिपकेच मोठे दिसतात. टॉर्च तिरकी धरून पाहिली, नेटवरच्या फोटोंशीही ताडून झालं. पण ते फोटो इतके पुसट की कोपऱ्यातलं काहीच वाचता येत नाही. आतल्या पानांवर मुखपृष्ठकाराचं नाव नाही.

विकायचे नाहीत, त्यामुळे किंमत नको. शिलाई उसवायची नाही, कागद ठिसूळ झालाय आणि पिनांचा गंज पानांत उतरलाय. अंक क्रमांकही कापले गेलेत, पण कथांची नावं देऊ शकतो.

कुणाकडे न कापलेले फ्लॅश गॉर्डनचे अंक असतील, तर मुखपृष्ठावर सही नेमकी कुठे आणि कशी दिसते? आणि सही नसेल तर गोविंद यांचं काम रंगांवरून, चेहऱ्यांवरून तुम्ही कसं ओळखता?